सासू, सून, दीर, जाऊ आणि सर्बियन : तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मी सहज चार ओळी लिहिल्या होत्या. सात वर्षांपूर्वी आमच्या जाऊबाईंना घेऊन वेरूळला गेले होते, लेणी बघून खाली आलो आणि टपरीवर चहा घेत बसलो, तर शेजारच्या बाकावर साठीच्या पुढचं एक परदेशी जोडपं होतं. त्यातल्या बाई चहाचा ग्लास दाखवून नवऱ्याला म्हणाल्या, ‘चाय’. मला वाटलं हिंदी येतं की काय! तर नाही, त्या सर्बियाच्या होत्या आणि त्यांच्या भाषेतच चहाला चाय म्हणतात. एवढंच लिहिलं होतं, पण त्यावर इतके मेसेज आले की या महिन्याचं सदर सगळं त्यालाच दिलंय. मी संस्कृतची रिटायर्ड शिक्षिका, त्या दिवसापासून सर्बियन घरीच शिकतेय, त्यामुळे जे नीट माहिती आहे तेवढंच सांगते.

प्रश्न (एक वडील, जालना) : आमचं पोरगं इथं स्टील कंपनीत वेल्डर हाय. त्याला सर्बियात काम लागलंय, दोन महिन्यानं जायचंय. तिकडं कोणती भाषा बोलतेत? इंग्रजीवर भागंल का? त्याचं इंग्रजी बी जेमतेमच हाय.

दादा, आधी देश कुठं ते सांगते. युरोपच्या आग्नेय कोपऱ्यात, ज्याला बाल्कन म्हणतात त्या भागात सर्बिया आहे. राजधानी बेलग्रेड, ते लोक बेओग्राद म्हणतात, बेओ म्हणजे पांढरं आणि ग्राद म्हणजे शहर. सावा आणि डॅन्यूब या दोन नद्यांच्या संगमावर वसलंय. देश आपल्या मराठवाड्यापेक्षा थोडा मोठा, पण माणसं कमी, 2022 च्या जनगणनेत साधारण 66 लाख भरली (कोसोवो, म्हणजे सर्बियापासून फुटून स्वतःला वेगळा देश म्हणवणारा भाग, त्यात धरलेला नाही), आणि आपल्या आठ जिल्ह्यांत 2011 लाच 1 कोटी 87 लाख होती. भाषा सर्बियन. ती शेजारच्या बोस्नियात, मॉन्टेनेग्रोत आणि कोसोवोतही बोलतात, शिवाय कामासाठी गेलेली त्यांची माणसं व्हिएन्ना, जर्मनी, शिकागोपर्यंत पसरलीत.

तरुण पोरांशी, ऑफिसात इंग्रजीवर भागतं. पण साइटवर वयस्कर मिस्त्री असतो, तो त्याच्याच भाषेत ओरडणार, म्हणून आधी ओरडण्याचे शब्द शिकवा. ‘पाझी!’ म्हणजे सांभाळ, ‘स्तानी!’ म्हणजे थांब, ‘ओपास्नो’ म्हणजे धोक्याचं, ‘पोलाको’ म्हणजे सावकाश, ‘स्त्रूया’ म्हणजे करंट. हे पाच शब्द त्याला झोपेतून उठवून विचारले तरी आले पाहिजेत. मग ‘ने राझुमेम’, म्हणजे मला कळत नाही, आणि हे म्हणायला त्यानं लाजू नये, न कळता मान हलवली की वेल्डिंगच्या कामात जिवावर बेततं. पाणी म्हणजे ‘वोदा’ (संस्कृतातलं उदक तेच), ब्रेड म्हणजे ‘ह्लेब’, आभार म्हणजे ‘ह्वाला’.

आणि एक गंमत सांगा त्याला. तिकडं कुशल कारागिराला ‘माय्स्तोर’ म्हणतात, हाक मारताना ‘माय्स्तोरे!’ हा शब्द त्यांना जर्मनकडून आला, आपला मिस्त्री पोर्तुगीजांकडून आला, पण दोन्हीचं मूळ एकच लॅटिन शब्द आहे. स्क्रूला ते ‘श्राफ’ म्हणतात, विटेला ‘त्सिग्ला’, हेही जर्मनच, कारण शेजारी ऑस्ट्रियाचं साम्राज्य होतं. वेल्डरला ‘झावारिवाच’ म्हणतात, हा त्यांचा स्वतःचा शब्द.

अजून एक, हे भाषेच्या बाहेरचं आहे पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. करारपत्र सर्बियनमध्ये असेल तर त्याला कळणाऱ्या भाषेत लेखी भाषांतर मागून घ्या, आणि ते वाचल्याशिवाय सही करू देऊ नका.

प्रश्न (एक गृहिणी, परभणी) : इंग्रजीत सगळे अंकल नाहीतर आंटी. काका, मामा, आत्या, जाऊ, नणंद असं काहीच नाही. सर्बियन लोकांत पण तसंच का?

ताई, तुमच्या प्रश्नाची मी वाटच बघत होते, कारण मी सर्बियन शिकायला लागले तीच याच्यामुळे.

त्या दिवशी टपरीवर मी त्या बाईंना आमच्या जाऊबाईंची ओळख करून देत होते. आता जाऊला इंग्रजीत काय म्हणणार, मी म्हटलं ही माझ्या नवऱ्याच्या भावाची बायको. त्या क्षणात म्हणाल्या, ‘येत्र्वा!’ मी पुन्हा विचारलं. त्यांनी माझ्या वहीवर लिहून दिलं आणि अक्षराखाली बोट ठेवून हळूहळू वाचलं, ये-त्र्-वा. माझ्या हातातला ग्लास तसाच राहिला. कारण संस्कृतात नवऱ्याच्या भावाच्या बायकोला ‘यातृ’ म्हणतात, मी तो शब्द वर्गात शिकवलेला आहे, आणि आपली जाऊ ही त्या यातृचीच आहे, संस्कृतातला य प्राकृतात ज झाला आणि मधला त गळून पडला. वेरूळच्या टपरीवर दोन जावा बसलेल्या आणि समोरची परकी बाई आमचंच नातं आमच्याच जुन्या शब्दानं सांगतेय, अंगावर काटा आला हो.

मग काय, आम्ही अर्धा तास नुसती नातीच मोजत बसलो. दीर म्हणजे त्यांचा ‘देवेर’, संस्कृतात देवृ. सून म्हणजे ‘स्नाहा’, संस्कृतात स्नुषा. बाईचा सासरा ‘स्वेकर’, संस्कृतात श्वशुर. सासू ‘स्वेक्र्वा’, संस्कृतात श्वश्रू. विधवा ‘उदोवित्सा’. भाऊ ‘ब्रात’, म्हणजे भ्रातृ. आई ‘माती’ किंवा ‘मायका’. हे शब्द त्यांनी आपल्याकडून घेतलेले नाहीत आणि आपण त्यांच्याकडून नाही. संस्कृत आणि स्लाव भाषा (म्हणजे सर्बियन, रशियन वगैरे) हजारो वर्षांपूर्वीच्या एकाच मूळ भाषेतून निघाल्या, एक फांदी इकडं आली, एक तिकडं गेली, त्या मूळ भाषेला इंडो-युरोपियन म्हणतात. दोन्हीकडं लग्न होऊन सासरी गेलेल्या बाईला त्या घरातल्या प्रत्येक माणसासाठी वेगळा शब्द लागतच होता, म्हणून हे शब्द टिकले असं मला वाटतं.

आता तुमच्या काका-मामाचं. वडिलांचा भाऊ ‘स्त्रित्स’ आणि त्याची बायको ‘स्त्रिना’, आईचा भाऊ ‘उयाक’ आणि त्याची बायको ‘उयना’. म्हणजे चुलता-चुलती आणि मामा-मामी, जसंच्या तसं. नणंदेला ‘झाओवा’. साडूला सुद्धा वेगळा शब्द आहे, ‘पाशेनोग’, तो तुर्की घराण्यातल्या भाषेतून आला. पुरुषाचे सासू-सासरे वेगळे, ‘ताश्ता’ आणि ‘तास्त’, म्हणजे बाईची सासू आणि पुरुषाची सासू यांना ते एका नावानं बोलवतच नाहीत, हे तर आपल्याकडं पण नाही. पण आत्या आणि मावशी दोघींना मात्र ‘तेतका’च म्हणतात, तिथं आपली मराठी पुढं. आणि मेहुणीला काय म्हणतात माहितीय? ‘स्वास्तिका’! आपल्या दारावरच्या स्वस्तिकाशी त्याचा संबंध नाही, तो बहिणीच्या शब्दावरून आलाय, पण पहिल्यांदा ऐकल्यावर मी दचकले होते.

घरावरून अजून एक आठवलं. सर्बियन ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती घरांत ‘स्लावा’ नावाचा कुळाचार असतो. प्रत्येक घराण्याचा एक ठरलेला संत, त्याचा वर्षातला एक ठरलेला दिवस, तो बापाकडून मुलाकडं जातो. त्या दिवशी मेणबत्ती लावतात, नक्षी काढलेली खास पाव भाजतात, गहू उकडून गोड करून ठेवतात आणि नातलग-शेजारी जेवायला येतात. युनेस्कोनं 2014 मध्ये तो सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतला. आपल्या कुलदैवताच्या कुळधर्माची आठवण आल्याशिवाय राहत नाही.

प्रश्न (एक विद्यार्थी, नांदेड) : टेनिसवाल्या जोकोविचचं स्पेलिंग सगळीकडं वेगवेगळं का असतं? आणि त्यांची लिपी रशियासारखी आहे का?

तू खेळातून भाषेकडं आलास हे छान झालं. त्याच्या आडनावातलं पहिलं अक्षर म्हणजे आपला तालव्य ज, ‘जीव’ मधला. त्याला त्यांच्या लॅटिन लिपीत आडवी रेघ मारलेला डी लिहितात, इंग्रजी कीबोर्डवर तो नाही, मग कुणी डी लिहितो कुणी डीजे. शेवटचं ‘इच’ म्हणजे लहान किंवा अमक्याचा मुलगा. योवानोविच म्हणजे योवानचा, पेत्रोविच म्हणजे पेतारचा. आपलं ‘कर’ गाव सांगतं, त्यांचं ‘इच’ बाप सांगतं.

सर्बियनला दोन लिप्या आहेत आणि दोन्ही शाळेत शिकवतात. एक सिरिलिक, रशियाच्या घराण्यातली पण अक्षरं थोडी वेगळी, आणि दुसरी लॅटिन. 2006 च्या राज्यघटनेत अधिकृत म्हणून सिरिलिकच नमूद आहे, पण रस्त्यावर, मोबाईलवर, पेपरात दोन्ही चालतात, एकाच माणसाला दोन्ही वाचताना अडखळायला होत नाही. आपल्या आजोबांच्या पिढीत मोडी आणि बाळबोध दोन्ही येणारे लोक होते ना, तसं. फक्त आपली मोडी गेली, जुने कागद वाचायला आता माणूस शोधावा लागतो, त्यांनी दोन्ही जिवंत ठेवल्या.

सिरिलिकमध्ये काही अक्षरं फसवतात. इंग्रजी बीसारखं दिसतं ते व, एचसारखं ते न, पीसारखं ते र, सीसारखं ते स. म्हणजे हॉटेलवर ‘रेस्तोरान’ लिहिलेलं असतं आणि इंग्रजी वाचणारा ‘पेक्टोपाह’ वाचतो. अक्षरं 30 आहेत, एका आवाजाला एकच अक्षर, रोज तीन केलीस तर दहा दिवसांत पाटी वाचायला लागशील. शिवाय परदेशी नावं ते आपल्यासारखीच कानावर पडतील तशी लिहितात, लॅटिन लिपीत सुद्धा, शेक्सपियरचं इंग्रजी स्पेलिंग न ठेवता सरळ ‘शेक्स्पिर’.

हे सगळं ज्या माणसामुळं झालं त्याचं नाव वूक स्तेफानोविच कारादझिच, जन्म 1787, त्र्शिच नावाच्या खेड्यातला, गरीब घरातला. एक पाय अधू, कुबडी घेऊन चालायचा. त्याच्या काळी लिहायची भाषा म्हणजे चर्चची जुनी भाषा आणि इतर मिसळलेलं काहीतरी, शेतकऱ्याला कळायची नाही. यानं 1814 मध्ये बोलीचं व्याकरण छापलं, 1818 मध्ये शब्दकोश, आणि सांगितलं की बोलता तसं लिहा, लिहिलंय तसं वाचा. बिनकामाची अक्षरं काढली, काही नवी घातली, एक तर लॅटिनमधून उचललं, आणि त्यावरून चर्चची माणसं खवळली. 1864 मध्ये तो गेला आणि सर्बियानं त्याची लिपी अधिकृत मान्य केली 1868 मध्ये. चार वर्षं आधी मान्य केली असती तर त्या माणसानं डोळ्यांनी पाहिलं असतं, मला याचं फार वाईट वाटतं. पैठणच्या नाथांनी लोकांच्या बोलीसाठी काय सोसलं ते आपल्या भागात सांगायला नको, म्हणून वूक मला आपला वाटतो.

वूक म्हणजे लांडगा, संस्कृतातला वृक. असं नाव का, तर त्याच्या आधीची भावंडं जगली नव्हती, लांडग्याचं नाव ठेवलं की चेटकिणी जवळ येणार नाहीत अशी समजूत. आपल्याकडं मुलं जगत नसली की धोंडू, दगडू, केरबा ठेवायचे, तीच आईबापाची भीती.

प्रश्न (एक शिक्षक, लातूर) : सर्बियन आणि क्रोएशियन एकच का? आणि मराठी माणसाला शिकायला अवघड किती?

सर, बेलग्रेडचा माणूस आणि क्रोएशियाच्या राजधानीतला, झाग्रेबचा माणूस दुभाष्याशिवाय बोलतात. युगोस्लाव्हिया हा दोघांचा एक देश होता तोवर दोन्ही मिळून सर्बो-क्रोएशियन म्हणायचे, 1991 नंतर देश फुटला आणि आता सर्बियन, क्रोएशियन, बोस्नियन, मॉन्टेनेग्रिन अशी चार नावं आहेत. फरक आहेत, ब्रेड इकडं ‘ह्लेब’ तिकडं ‘क्रूह’, रेल्वे इकडं ‘वोझ’ तिकडं ‘व्लाक’, आणि क्रोएशियात फक्त लॅटिन लिपी. आपण हिंदी-उर्दू दोन्ही ऐकत वाढलो, आपल्याला हे लवकर समजावं. पण समोरचा आपल्या भाषेला जे नाव देतो तेच नाव घ्यावं, त्या नावासाठी तिथं माणसं मेलीत. बोलींची नावं मात्र ऐकण्यासारखी आहेत, ‘काय’ या शब्दावरून ठेवलेली : जिथं ‘श्तो’ म्हणतात ती श्तोकावियन, सर्बियन हीच, जिथं ‘चा’ ती चाकावियन, आणि झाग्रेबच्या बाजूला चक्क ‘काय’ म्हणतात, म्हणून कायकावियन!

अवघड म्हणाल तर विभक्ती सात, पण आपल्याला त्याचं काय भय. बेओग्राद हे गाव, ‘ऊ बेओग्रादू’ म्हणजे बेलग्रेडमध्ये, ‘इझ बेओग्रादा’ म्हणजे बेलग्रेडहून. जालना, जालन्यात, जालन्याहून, शब्द तसाच वाकतो. लिंगं तीन, आणि मूल म्हणजे ‘देते’ हे नपुंसकलिंगी, आपल्या लेकरासारखं. आदरार्थी बोलायचं तर तू ऐवजी तुम्ही, ‘ती’ ऐवजी ‘वी’. चोरातला च आणि चारातला च असे दोन च त्यांच्याकडं आहेत, आपली जीभ तयारच आहे. आहे या क्रियापदाची रूपं साम, सी, ये, स्मो, स्ते, सू, आणि संस्कृतात अस्मि, असि, अस्ति, स्मः, स्थ, सन्ति, मुलांना फळ्यावर शेजारी शेजारी लिहून दाखवा सर. खरं अवघड म्हणजे क्रियापदांच्या जोड्या, ‘पिसाती’ म्हणजे लिहीत असणं आणि ‘नापिसाती’ म्हणजे लिहून टाकणं, बहुतेक क्रियापदांची अशी जोडी पाठ करावी लागते. मी अजून चुकते.

प्रश्न (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर) : चाय सारखे आपल्याकडचे आणखी शब्द तिकडं आहेत का?

भरपूर, आणि हे नात्यांसारखे जुने नाहीत, हे राज्यकर्त्यांबरोबर आले. बेलग्रेड 1521 मध्ये तुर्कांनी घेतलं, शेवटची तुर्की शिबंदी किल्ला सोडून गेली 1867 मध्ये. आपल्याकडं 1948 पर्यंत निजामी होती, फारसी-उर्दू बाजारात आणि कचेरीत मुरलेली. म्हणून त्यांचं ‘दुचान’ आपलं दुकान, ‘महाला’ मोहल्ला, ‘कसाबा’ कसबा, ‘सांदुक’ संदूक, ‘बाक्शिश’ बक्षीस. ‘शेचेर’ म्हणजे साखर, तो तर संस्कृतातल्या शर्करेपासून फारसी, तुर्की असा फिरत तिकडं पोचला. बेलग्रेडच्या किल्ल्याच्या आवाराचं नाव कालेमेग्दान, म्हणजे किल्ला आणि मैदान. आणि त्याच्या एका दरवाज्याचं नाव स्तांबोल कापिया, इस्तंबूलच्या वाटेचा दरवाजा. तुम्ही रोज दिल्ली दरवाज्यातून जात असाल, दिल्लीकडं तोंड म्हणून दिल्ली दरवाजा.

प्रश्न (जालन्याच्याच घरातून, आईचा व्हॉइस मेसेज) : ताई, तिकडं पोराला कुणी जेवलास का म्हणून विचारतं का?

विचारतात माय. ‘येसी ली येओ?’ म्हणजे जेवलास का. जेवला असेल तर ‘येसाम’ म्हणायचं, नसेल तर ‘निसाम’, आणि निसाम म्हटलं की समोरची बाई त्याला काही ना काही वाढणारच. चहा मागताना मात्र त्याला सांगून ठेवा, तिकडं नुसतं ‘चाय’ म्हटलं की पुदिना नाहीतर बाबुनाच्या फुलांचा काढा येतो, आपल्यासारखा हवा तर ‘त्सर्नी चाय’ म्हणजे काळा चहा आणि ‘म्लेको’ म्हणजे दूध, दोन्ही म्हणायचं. आणि एखाद्या वयस्कर बाईनं त्याला ‘सिने’ म्हणून हाक मारली तर बावरून जाऊ नको म्हणावं. सिन म्हणजे लेक, त्याची हाक सिने. मुलीला सुद्धा माया आली की सिनेच म्हणतात, आपण पोरीला बेटा म्हणतो तसं.